भंडारा उचलल्यावर

"उचल भंडारा. खंडोबाची आण घे, आन् बोल, पुन्यांदा थेंब शिवणार न्हाई."

शालूआक्कांनी पितळी डबी टेबलावर आपटली. नाथाजीनं चिमूटभर भंडारा उचलला, कपाळाला लावला आणि खालमानेनं म्हणाला, "न्हाई शिवणार."

"आसं न्हवं. मोठ्यानं. पालीच्या खंडोबाला ऐकू गेलं पायजे."

"न्हाई शिवणार!"

खंडोबाला ऐकू गेलं की नाही, देव जाणे. डबीशेजारी काडेपेटीएवढं यंत्र होतं, त्यानं मात्र ऐकलं. आवाज टिपायला नाथाजीची परवानगी आधीच घेतलेली होती. आक्कांना कुणी विचारलंच नव्हतं.

मलकापूरच्या व्यसनमुक्ती केंद्रात आक्का समुपदेशक. शिक्षण बारावी आणि वर एक प्रशिक्षण; खरी शाळा घरातच झाली. नवरा दारूनं गेला. दारुड्यांना त्या सोलून काढायच्या आणि दारुडेही त्यांना आईला टरकावं तसे टरकायचे. आता सांगलीच्या एका संस्थेनं हे यंत्र पाठवलं होतं. समुपदेशक किती बोलतो, किती ऐकतो, काय विचारतो, हे ते तपासणार होतं.

"दारू पितोय त्यो, आन् तपासणी माजी," आक्का करवादल्या.

"चांगले मार्क पडले तर दारातच बोर्ड लावू, आक्का," केंद्राचे चालक विश्वजितराव म्हणाले. "देणगीदार खूश होतील."

दारात फोटो होतेच. भंडारा उचललेले, बावरलेले, कपाळ पिवळं झालेले बाप्ये. देणगीदाराला दारू सुटलेला माणूस नको असतो, सुटल्याचा फोटो हवा असतो. त्यातला कोण पुन्हा गुत्त्यावर जाऊन बसलाय, हे बघायला ना देणगीदार जातो, ना चालक. आक्काही जात नव्हत्या. त्यांचा हिशेब सरळ होता: आण घेतलेला माणूस परत आला नाही, म्हणजे सुटला.

पुढच्या आठवड्यात नाथाजी आला नाही. आक्का मनातून सुखावल्या. आली ती सांगलीच्या संस्थेची स्वानंदी, लॅपटॉप घेऊन.

"काकू, निळा रंग तुमच्या बोलण्याचा, हिरवा पेशंटचा."

पडदा निळाच निळा होता. हिरवं कुठं कुठं, आटपाडीच्या माळावर उन्हाळ्यात गवत दिसावं तसं.

"मग? मी बोलायचं न्हाई तर काय फुगडी घालायची?"

स्वानंदी हसली. "आता ही बघा. तुमची सगळ्यात चांगली बैठक. यंत्रानं निवडलीय."

पडद्यावर हिरवंगार रान पसरलं. निळ्याचे फक्त ठिपके.

"ही माजी न्हवं. कुणा दुसरीची आसंल."

"तुमचीच, काकू. नाथाजींबरोबरची, भंडाऱ्याच्या आधीची."

आक्कांना आठवलं. त्या दिवशी त्यांचा घसा बसला होता. मिठाच्या गुळण्या करून नुसतं 'हं' आणि 'मग?' एवढंच जमलं होतं. दिवस फुकट गेला म्हणून घरी जाताना त्या चरफडल्या होत्या.

स्वानंदीनं आवाज लावला. नाथाजी बोलत होता. "कारखान्यावर उसाचा नंबर लागूस्तवर ट्रॅक्टरवरच बसाय लागतंय, आक्का. अंधार पडला की भ्या वाटतं. कशाचं त्ये न्हाई सांगता येत. बाप्या माणसानं भ्या वाटतं म्हणायचं कसं? घरात राणीलाबी बोललो न्हाई आजून."

हे आक्कांच्या कानावर पडलं होतं, पण त्यांनी ऐकलं नव्हतं. त्या वेळी त्या घशातल्या घशात पुढचं भाषण जुळवत होत्या. आणि या मुठीत मावणाऱ्या डबड्यानं, ज्याला ना आई ना धनी, ज्यानं दारूचा वास कधी घेतला नाही, त्यानं गर्दीतून नेमकं हेच वेचून वर काढलं होतं. कीर्तनात भल्याभल्या बुवांपुढं न झुकलेली बाई त्या पडद्यासमोर हात जोडून बसली.

"आणि ही शेवटची," स्वानंदी जरा अडखळली. "भंडारा उचलला ना, त्याच्या पुढं बघा."

पुढं हिरवं संपलं होतं. निळं वाहत होतं, आणि मध्येमध्ये कोरे पट्टे.

"यंत्राला भंडारा कळत नाही, काकू. ते एवढंच दाखवतं, की इथून माणूस गप्प झाला. तुमचा प्रत्येक पेशंट याच जागी गप्प होतो."

आक्का त्या कोऱ्या पट्ट्याकडं बघत राहिल्या. तसाच पट्टा त्यांनी घरी पाहिला होता. त्यांच्या धन्यानंही याच डबीतला भंडारा उचलला होता. त्यानंतर दारूचा शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नाही, आणि आक्का गल्लीभर सांगत फिरल्या, "सुटली!" मग एका सकाळी त्याला कालव्याच्या कडेवरून उचलून आणलं. एवढी वर्षं त्या म्हणत आल्या, फसवलं मला मेल्यानं. त्यानं फसवलं नव्हतं. त्याचं तोंड शिवलं होतं आणि सुई आक्कांच्या हातात होती.

"बाई, लय मोठं हाय गं ह्ये," त्या पुटपुटल्या. मग एकदम उठल्या. "नाथाजी आला न्हाई. म्हंजे सुटला न्हाई त्यो."

डबी खणात टाकून त्यांनी नाथाजीच्या गावाची, उंब्रजची वडापची जीप धरली.

दारात नाथाजीची बायको राणी आडवी आली. "त्यास्नी बरं न्हाई, आक्का. झोपल्यात."

"झोपू दे. बसते मी."

गोठ्यामागून नाथाजी आला. डोळे लाल, दाढी वाढलेली. आक्कांपासून दूर, भिंतीला टेकून उभा राहिला.

"कुठल्या तोंडानं यायचं वं आक्का? द्येवाची आण मोडली. आता मला तुमीबी न्हाई आन् द्येवबी न्हाई."

आक्कांच्या जिभेवर सगळं तयार होतं. लाज वाटत न्हाई का, बायकोकडं बघ, लेकराकडं बघ. रोजचं, घासून गुळगुळीत झालेलं. त्यांनी ते गिळलं.

"मग?" त्या म्हणाल्या.

नाथाजी गोंधळला. शिव्यांची वाट बघत राहिला. त्या येईनात. शेवटी तो खाली बसला, आणि कारखान्याच्या अंधारापासून सुरू झाला.

राणीनं चहा आणून ठेवला. नवऱ्याच्या तोंडून येतंय ते ऐकून तिथंच उंबऱ्याशी टेकली. इथं यंत्र नव्हतं, रंग नव्हते, मार्क द्यायला कुणी नव्हतं. नाथाजी बोलत होता. चहावर साय धरली. बशी वाजेल म्हणून आक्कांनी कपाला हात लावला नाही.