धारेतला खडस

दमयंतीला ती टिकली सापडली नवऱ्याच्या धोतरात. धुणं पिळताना काहीतरी बोटाला चिकटलं, झटकलं तरी निघेना, म्हणून उजेडात धरून पाहिलं. अंगठ्याच्या नखाएवढी, पातळ, गोल टिकली. एका अंगानं रुपेरी दिसे, कलती धरली की मोरपंखी.

राहुरीच्या मराठी शाळेत मास्तरकी करणाऱ्या माणसाच्या धोतरात असली टिकली येते कुठून, हा प्रश्न कुठल्याही बायकोला पडेल. दमयंतीला तो पडला आणि उत्तरही लगोलग सुचलं. वाईट उत्तरांना सुचायला वेळ लागत नाही, हीच त्यांची खोड.

तरी खात्री करावी म्हणून तिनं टिकली शेजारच्या अंबिकाकाकूंना दाखवली. चूक केली. काकू म्हणजे आग दिसली की आधी फुंकर घालायच्या आणि मग घागर शोधायला निघायच्या. त्यांनी टिकली तळहातावर घेतली, डोळ्यांजवळ नेली, हुंगली, आणि नाक मुरडून परत दिली.

"ही चोळीवरची गं. तमाशातल्या बायका लावतात. माघातल्या जत्रेपासून नदीपलीकडे फड उतरलाय ना!"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"मी काय तमाशाला जाते?" काकू उखडल्या. "पण माणसाला कळतं."

माणसाला कळतं, यावर दमयंती काय बोलणार! तिलाही आता एकेक गोष्ट कळायला लागली होती. माघ लागल्यापासून शामकांत पहाटे उठून बाहेर पडत होता. लग्नाला सहा वर्षं झाली, या माणसाला कधी उजाडायच्या आत अंथरूण सोडवलं नव्हतं. विचारलं तर म्हणे, "फिरायला जातो. प्रकृतीला बरं." फिरून आलेल्या माणसाचं धोतर मांडीपर्यंत भिजलेलं असे. आल्या आल्या तो मोरीत बसून शिकेकाईनं हात धुई, एकदा नव्हे, दोनदा, आणि वर लिंबाची फोड चोळी.

शिवाय कणीक. साल चव्वेचाळीस, गहू कंट्रोलचा, मोजूनमापून मिळायचा. रात्री भिजवून झाकून ठेवलेल्या कणकेतून सकाळी लिंबाएवढा गोळा गायब व्हायचा. हिंगाची डबीही बघता बघता तळाला गेली. तमाशातल्या बाईला कणीक आणि हिंग कशाला लागतो, हे काही केल्या दमयंतीला जुळवता येईना. पण संशयी मन मोठं कामसू असतं. तिथे बसून आमटी-पोळी करून घेत असेल, असं तिनं तेही जुळवून टाकलं.

एवढ्यावरच थांबलं असतं तर ती भांडली असती, रडली असती आणि मोकळी झाली असती. पण दमयंतीला पाचवा महिना होता. याआधी दोन वेळा सातव्या महिन्यात घात झाला होता. माघ लागताच शामकांत तिला नगरला घेऊन गेला, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि मग तिला बाहेर बसवून त्याच्याशी कितीतरी वेळ बोलल्या. तो बाहेर आला तेव्हा चेहरा उतरला होता. "रक्त कमी आहे," एवढंच म्हणाला. "देवळालीच्या वैद्यांचा काढा सुरू करू."

तेव्हापासून काढा. दुपारच्या सुटीत शामकांत झाकणाचा तांब्या घेऊन यायचा, स्वतः चुलीवर ठेवून ऊन करायचा, वाटीत ओतायचा आणि ती शेवटचा घोट घेईपर्यंत समोर उभा राहायचा. काढा हळदीमिऱ्याचा, दाटसर, वर तुपासारखे थेंब तरंगणारा. चव वाईट नव्हती. सुरुवातीला तिला तरतरीही वाटली. वाटी रिकामी झाली की शामकांतचा चेहरा एखादा ढ मुलगा पास झाल्यासारखा उजळायचा, आणि तिला वाटायचं, किती जीव आहे याचा आपल्यावर.

टिकली सापडल्यावर तिला तेच वेगळं दिसू लागलं. हा समोर उभा का राहतो? दुसऱ्याला हात का लावू देत नाही? आणि एकादशीला काढा का नसतो? आजवर दोन एकादश्या झाल्या, दोन्हीला तांब्या आला नाही. वैद्याच्या काढ्याला एकादशी बाधते, हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. अंबिकाकाकूंना बोलता बोलता विचारलं, तर त्यांनी पहिल्या बायकोला काहीबाही पाजून दुसरी करणाऱ्या नवऱ्यांच्या तीन गोष्टी सांगितल्या, गावांच्या नावांसकट.

त्या दिवसापासून दमयंतीनं काढा गिळायचं सोडलं. पहिला घोट तोंडात धरून 'घंटा होईल, तुम्ही निघा' असं हातानं खुणवायची, आणि शामकांत शाळेकडे वळला की मोरीत थुंकायची. उरलेला ओतून द्यायची. तिसऱ्या दिवशी मोरीपाशी गल्लीतली भुरी मांजर येऊन बसली आणि जमीन चाटू लागली. दमयंती बघत राहिली. मांजर मेली नाही. उलट दुसऱ्या दिवशी दुपारी अगदी वेळेवर हजर झाली आणि 'अजून कसं नाही?' अशा नजरेनं तिच्याकडे पाहू लागली. म्हणजे विष नाही. मग काय आहे? विष नाही म्हटल्यावर माणसाला हायसं वाटावं, पण तिची भीती आणखीच वाढली. पोटातल्या जिवावर हात ठेवून ती रात्र रात्र जागी राहू लागली. शेवटी केडगावला वडिलांना पत्र लिहिलं, 'मला न्यायला या. कारण भेटीत सांगेन.' पत्र घडी करून फडताळात ठेवलं. टाकण्याआधी एकदा डोळ्यांनी बघायचं ठरवलं, कारण एकदा माहेरी गेलं की बाळंत होऊनही ती परतणार नव्हती.

होळीला आठ दिवस होते. शामकांत बाहेर पडला तशी ती डोक्यावरून पदर घेऊन मागे निघाली. पूर्वेला नुकतं फटफटत होतं. तो झपाझप मुळा नदीच्या वाटेनं चालला होता, हातात कसलीशी पुरचुंडी. म्हणजे कणीक. नदीशी पोचल्यावर तो फडाच्या बाजूच्या उताराकडे वळला नाही, वरच्या अंगाला बाभळीआड गेला. तमाशाचे तंबू तर खाली होते. दमयंतीला वाटलं, गाठ घ्यायला आडजागा शोधलेली दिसते.

नदी उतरली होती. वाळूचे पट्टे उघडे पडले होते, आणि जिथे मोठाले धोंडे आडवे होते तिथे पाणी खळाळत खालच्या डोहात पडत होतं. त्या आवाजात तिला बाई हसल्याचं ऐकू आलं. मोकळं, पोटातून आलेलं हसू. दमयंतीचे पाय वाळूत रुतले. या क्षणापर्यंत तिच्या मनाच्या एका कोपऱ्यात आशा होती की आपण चुकतोय. ती गेली.

"ढील द्या, मास्तर, ढील! वढू नगा!"

दमयंती बाभळीआडून पुढे आली. काय बोलायचं ते घोकून ठेवलेलं होतं. पण समोरचं दृश्य त्यात बसेना. शामकांत धोतर खोचून मांडीभर पाण्यात उभा होता. हातात कळकाची लांब काठी, तिचा शेंडा वाकून पाण्याला टेकलेला, आणि शेंड्यापासून निघालेला दोरा धारेत तिरपा ताणलेला. काठावर एक काळीसावळी म्हातारी उकिडवी बसली होती, केस पांढरे, पुढचे दोन दात नाहीत.

"आता घ्या! हळू! धारेतनं बाजूला काढा त्येला!"

दोरा सळसळत वर गेला, परत खाली आला. शामकांत धोंड्यावर घसरला, सावरला, काठी छातीशी धरून एकेक पाऊल मागे येऊ लागला. शाळेत छडी उगारतानासुद्धा ज्याचा हात अडखळायचा, तो माणूस दात आवळून पाण्याशी झुंजत होता. मग पाणी फुटलं, आणि हातभर लांबीचा रुपेरी मासा अंग वळवत वर उसळला. म्हातारीनं पुढे झेपावून गालफडात बोटं घातली आणि त्याला वाळूवर ओढलं. मासा तडफडला तशा त्याच्या अंगावरच्या चकत्या उडाल्या, आणि दोन शामकांतच्या धोतराला चिकटल्या. गोल, पातळ, एका अंगानं रुपेरी.

सहा पिढ्यांत कुणी मासा शिजवला नव्हता अशा घरातली मुलगी ती. खवला तिनं जन्मात पाहिला नव्हता. तिला हसू आलं, खरंच आलं, आणि त्याच वेळी म्हातारीनं मान वळवली.

"अगं बया! मास्तरीनबाई न्हवं का? या की! तुमच्यासाटीच चाललंय सारं. खडस हाय, धारंतला. थंडी सरली की डोहातनं वर येतोय. रस्सा प्वाटात ठरतोय न्हवं?"

शामकांतनं तिला थांबवायला हात हलवला, पण फार उशिरा. म्हातारीनं दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, जीभ चावली, मासा उचलला आणि पाण्याकडे निघून गेली.

दमयंती खाली वाळूत बसली. हळद, मिरी, वरचे ते थेंब. तिनं तोंडावर पदर दाबला.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या," शामकांत पाण्यातच उभा राहून बोलू लागला, "मासे, अंडी, काहीतरी अंगात गेलंच पाहिजे. नाहीतर या खेपेला मूल तर नाहीच, तुझीही हमी नाही. बाजारातून मासा घेतला असता तर संध्याकाळच्या आत गावभर झालं असतं. ही साळूबाई, भोयाची. नवरा गेल्यावर जाळं ओढायला माणूस नाही, म्हणून गळ टाकते. हिंग घातलेल्या कणकेची गोळी गळाला लावायची, हेही तिनंच मला शिकवलं. रोज लागतो असं नाही. लागला नाही की ती तिच्यातला देते. तीच शिजवते."

"मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर घेतलं असतंस?"

"नाही."

"म्हणूनच."

"म्हणूनच?" दमयंतीचा आवाज चढला. "ते 'नाही' माझं होतं. ते तुम्ही चोरलंत. मला वाटलं तुमच्याकडे बाई आहे. मला वाटलं तुम्ही मला मारताय. बाई असती तर बरं झालं असतं हो, भांडून मोकळी झाले असते."

धार खळाळत होती. मग तिला काहीतरी सुचलं आणि तिनं मान वर केली.

"तुम्ही खाल्लात कधी?"

"मी? छे, मी कसा..."

तो थांबला, पण 'छे' निघून गेलं होतं. त्याचा चेहराच पडला. दमयंती त्याच्या शिकेकाईनं पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे बघत राहिली. रोज दोनदा हात धुऊन, लिंबू चोळून, जानवं सांभाळून हा माणूस स्वच्छ राहिला होता. एकादशीसुद्धा पाळली होती. तिचं बाटणं तेवढं तिला न कळवता उरकलं होतं. राग आला, आणि तो टिकलीच्या रागापेक्षा खोल होता. ती उठली आणि मागे न बघता घरी आली.

दुपारी शामकांत आला. तांब्या चुलीजवळ ठेवला, पण ऊन केला नाही, ओतला नाही.

"आता घे म्हणणार नाही," तो म्हणाला. "तू ठरव. केडगावला जायचं असलं तरी मी पोचवतो. पण तिकडे हे मिळणार नाही, एवढं ध्यानात ठेव."

दमयंतीनं काढा ऊन केला. फडताळातून एक वाटी काढली, थोडं थांबून दुसरी काढली. दोन्ही भरल्या, आणि एक त्याच्यासमोर सरकवली.

"मी एकटी बाटणार नाही."

शामकांत वाटीकडे बघू लागला. आठव्या वर्षी मुंज झालेला, सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेला, शाळेतल्या मुलांना श्लोक शिकवणारा माणूस. त्याचा हात वाटीपर्यंत गेला आणि मागे आला. पुन्हा गेला. दमयंतीनं घाई केली नाही, दयाही दाखवली नाही. पोटात मूल हललं, तरी ती त्याच्यावरची नजर काढेना. आज या माणसाला ओळखायचं होतं, आणि ओळखायला दुसरा मार्ग नव्हता.

त्यानं वाटी उचलली आणि दुसऱ्या हातानं नाक धरलं.

"नाक सोडा," ती म्हणाली. "मी धरलं नव्हतं."

त्यानं नाक सोडलं. पहिला घोट वर आला, तो त्यानं डोळे मिटून परत गिळला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. वाटी रिकामी करून खाली ठेवली. टिकली सापडल्यापासून मनात डाचत असलेलं काहीतरी दमयंतीच्या छातीतून हळूहळू सुटलं.

मग तिनं आपली वाटी उचलली.