माहितीदाता क्रमांक एक

तालुक्याच्या त्या कॉलेजातून पाच वर्षांत अकरा संशोधन प्रस्ताव गेले आणि अकराही परत आले. बारावा रुपालीचा, तो मंजूर झाला. पत्र आलं तेव्हा तिचे वडील बिरूआबा जाऊन सतरा दिवस झाले होते. स्टाफरूममध्ये आधी अभिनंदन करावं की सांत्वन, हे लोकांना कळेना. बहुतेकांनी दोन्ही एका दमात उरकलं. प्राचार्यांनी लगेच शनिवारची कार्यशाळा ठरवली. प्रस्ताव मंजूर कसा करून घ्यायचा, ते मॅडमनी सगळ्यांना सांगावं.

प्रस्ताव मेंढपाळांच्या जाणतेपणावर होता. कोणत्या चाऱ्यानं मेंढीचं पोट फुगतं, कळप लंगडायला लागला तर काय करायचं, हे सगळं तिनं आबांकडूनच ऐकलेलं. प्रस्तावात मात्र आबांचं नाव नव्हतं. तिथं ते ‘माहितीदाता क्रमांक एक’ होते. वय अठ्ठ्याहत्तर, निरक्षर, प्रकृती खालावलेली. म्हणून काम तातडीचं. हे वाक्य तिनं तीनदा घासूनपुसून लिहिलं होतं, आणि जमल्यावर तिला बरं वाटलं होतं.

शुक्रवारी स्लाइड करायला तिनं फाईल उघडली. संमतीपत्राच्या तळाशी आबांचा जांभळा अंगठा होता.

अंगठा घेतला त्या दिवशी ती शाईचं पॅड घेऊनच पोखर्णीच्या पुढं, गावी गेली होती. आबांनी पेनासाठी हात पुढं केला. सही त्यांना येत होती. ती पहिलीत असताना तिनंच पाटीवर गिरवून घेतली होती. प्रगतिपुस्तकावर बापाचा अंगठा नको म्हणून ती तेव्हा रडली होती.

“आबा, अंगठाच द्या,” ती म्हणाली. “वर निरक्षर लिहिलंय.”

आबांनी तिच्याकडं पाहिलं. “तुज्या सायबाला अंगठाच लागतो व्हय?” म्हणाले आणि हसले. अंगठा उठवला, धोतराला पुसला आणि बाहेर जाऊन बसले.

शुक्रवारी संध्याकाळी ती गावी गेली. आई, नर्मदाबाई, शेंगा फोडत बसली होती. आबा त्या अंगठ्याबद्दल नंतर काही बोलले होते का, असं तिनं विचारलं.

“काई बोलले न्हाईत,” आई म्हणाली. “पर तू गेल्यावर दुपारभर कागदावर सही गिरवायलते. इसरलो का काय बगायलोय, म्हणले.”

रुपाली शेंगा फोडू लागली.

कार्यशाळेत संमतीपत्राची स्लाइड आली तेव्हा रसायनशास्त्राचे परमेश्वर सर उठले. परत आलेल्या अकरांतले तीन त्यांचे होते.

“मॅडम, आमच्या रसायनांना अंगठा कुठून आणायचा ते पण सांगा.”

सगळे हसले. रुपालीनं हसणं ओसरू दिलं.

“हा अंगठा माझ्या वडिलांचा आहे,” ती म्हणाली. “त्यांना सही येत होती. प्रस्ताव वजनदार दिसावा म्हणून मी ती करू दिली नाही.”

मग मागून एकानं टाळी वाजवली आणि सगळा हॉल वाजवू लागला. मंजुषा मॅडमनी डोळे पुसले; एवढं कबूल करायला धाडस लागतं, असं त्या शेजारणीला म्हणाल्या. रुपालीचे कान तापले. प्रस्ताव आबांच्या अंगठ्यावर उभा होताच, आता तिचा प्रामाणिकपणाही त्याच अंगठ्यावर उभा राहिला.

व्हरांड्यात प्राचार्यांनी तिला बाजूला घेतलं. बोललात ते बोललात, कागदावर काही देऊ नका, प्रकल्प जाईल, असं समजावलं. वडिलांना तरी ते आवडलं असतं का, असंही विचारलं. ज्यांना विचारायचं, त्यांना तिनं वेळेवर विचारलं नव्हतं.

सोमवारी तिनं निधी देणाऱ्या कार्यालयाला पत्र लिहिलं. आधी त्यात वडील नुकतेच वारल्याचं एक वाक्य होतं. ते वाक्य फार चांगलं जमलं होतं. तिनं ते काढून टाकलं. उरल्या पाच ओळी: माहितीदात्याला सही येत होती, निरक्षर ही नोंद माझी आणि खोटी आहे, यावर जो निर्णय होईल तो मान्य आहे. सोबत चौथीच्या प्रगतिपुस्तकाची झेरॉक्स जोडली. ‘पालकाची सही’ या रकान्यात आबांनी तीनदा सही केली होती. अक्षरं वर चढत गेलेली, आणि तिन्ही वेळा शेवटचं अक्षर चौकटीबाहेर.