कुंकू लावलेलं फावडं

मित्रांनो, मला भिंतीला टेकवून ठेवलं की माझा जीव कासावीस होतो. मी एक जुनं फावडं आहे. फावड्याला आराम मानवत नाही, गंज चढतो. म्हणून बोलता बोलता माझी चुळबुळ झाली तर रागावू नका.

माझं पातं शेफील्डच्या एका कारखान्यात घडलं, पण माझं नशीब घडवलं मर्टलआजींनी. मी त्यांच्या हाती आलो तेव्हा त्या आजी नव्हत्या. जमैकातल्या खेड्यातून बोटीने नॉटिंगहॅमला आलेल्या आणि हॉस्पिटलात नर्सच्या हाताखाली राबणाऱ्या तरुण बाई होत्या. इथल्या पहिल्या रविवारी ठेवणीतली हॅट घालून त्या चर्चला गेल्या. गोऱ्या पाद्रीबुवांनी दारात हात मिळवला आणि गोड शब्दांत सांगितलं, पुन्हा न आलात तर बरं, इथल्या गोऱ्या मंडळींना आवडणार नाही! बाई घरी येऊन ढसाढसा रडल्या. पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच्याच पुढच्या खोलीत खुर्च्या मांडल्या आणि प्रार्थना सुरू केली. हे सारं त्या खणता खणता मला सांगत.

कौन्सिलने भाड्याने दिलेल्या जमिनीच्या तुकड्यावर, म्हणजे अलॉटमेंटवर, आम्ही दोघं राबायचो. आधी प्रार्थना, मग खणणं. काम संपलं की तेलाच्या फडक्याने मला पुसायचं, मगच स्वतःचे हात धुवायचे. रविवारी मात्र मला हात लावत नसत. तो दिवस देवाचा, आणि माझ्या तळमळीचा.

शेजारच्या तुकड्यावर डॉक्टर रेखाताई आल्या. आजींनी लावलेली कॅलालूची पालेभाजी पाहून त्या ओरडल्याच, "अय्या, हा तर आमचा माठ!" त्या दिवसापासून दोघींचं गूळपीठ जमलं. पण एका खंडेनवमीला रेखाताईंनी आपल्या अवजारांबरोबर मलाही हळदकुंकू वाहिलं, तेव्हा आजी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, मी देव सोडून कशापुढे वाकत नाही."

"मिसेस मर्टल, मी पण ह्याला देव म्हणत नाहीये. वर्षभर राबतं, त्याला फक्त थँक यू."

आजींनी जरा विचार केला. "थँक यूला माझ्या देवाची हरकत नसावी," म्हणाल्या. पण कुंकू पुसून टाकलं हो!

आजींचे यजमान गेले तेव्हा मी एक वेगळंच काम केलं. आजींच्या लोकांत कबरीवर माती घरच्यांनीच लोटायची असते. पुरुष फावडी चालवतात, बायका खड्डा भरेपर्यंत भजनं गातात. बाजूला दफनभूमीचं मशीन घरघरत उभं होतं. आजींनी नात केझायाचा हात धरला. "मला त्या मशीनने बुजवू नका. आपल्या माणसांनी, ह्या फावड्याने माती द्या. शब्द दे." पोरीने शब्द दिला.

मग २००८ साल उजाडलं आणि आजींना अर्धांगवायूचा झटका आला. मी शेडमध्ये बंद. बाहेर माठ माजला, आत मी गंजायला लागलो. कोणी येईना, कोणी सांगेना. अखेर रेखाताईंनी कुलूप उघडलं, मला घरी नेलं आणि घासून पुसून खंडेनवमीला पाटावर मांडलं. कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. एरवी मी हरखलो असतो. पण आजी गेल्याचं मी तिथेच ऐकलं, आणि दफन त्याच दिवशी होतं!

त्याच सकाळी दार वाजलं. काळ्या कोटातली केझाया धापा टाकत होती.

"रेखा आंटी, शेड रिकामी आहे. ग्रॅनीचं फावडं चोरीला गेलं! डॅड म्हणतात, सगळे चांगले बूट घालून येणार, डिगर मशीन करेल काम. दुसरं कोणी फावडं आणत नाहीये. मी प्रॉमिस केलं होतं."

"अगं, चोरीला नाही गेलं. माझ्याकडेच आहे," रेखाताई म्हणाल्या, आणि तिथेच अडखळल्या.

आतून त्यांच्या सासूबाई यमुनाबाई बाहेर आल्या. "रेखा, पूजेला लावलेलं अवजार दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. आणि न्यायचं कुठे, तर स्मशानात?"

माझं पातं गरम झालं म्हणा ना! जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, आपल्याला पाय हवे होते. एवढी वर्षं साथ केली आणि शेवटच्या कामाला मी फुलं लेवून पाटावर बसू?

"आई, तुम्ही म्हणता ते खरं आहे," रेखाताई हळू म्हणाल्या. "पण हे त्यांचं आहे हो. मी न विचारता आणलं." त्यांनी मला नमस्कार केला आणि केझायाच्या हातात दिलं.

"आणल्यावर धुवा तरी," यमुनाबाई पुटपुटल्या, आणि झेंडूचं फूल उचलून त्यांनी केझायाच्या दुसऱ्या हातावर ठेवलं.

दफनभूमीत मशीन सुरूच झालं होतं. केझाया खड्ड्याच्या कडेशी जाऊन उभी राहिली. "बंद करा ते!" तिचे वडील एव्हर्टन पुढे आले. काही बोलणार होते, पण माझी झिजलेली मूठ दिसली आणि त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी कोट काढला. बायकांनी गाणं धरलं. मी या हातातून त्या हातात फिरत राहिलो. केझायाही मागे हटली नाही, गात गात तिने माती लोटली. मित्रांनो, मी तेव्हा रडत होतो. फावडं रडलं तर दिसत नाही एवढंच.

एव्हर्टनना आता मला दिवाणखान्यात टांगायचंय. आजींची आठवण म्हणे! मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या वस्तू टांगू नका, वापरा. पुसा, तेल लावा आणि पुन्हा कामाला जुंपा. केझायाला हे सांगावं लागलं नाही. परवाच ती म्हणाली, "डॅड, सोमवारी मी खणायला जातेय."

त्या दिवशी खड्डा भरल्यावर तिने खिशातून आजींचं तेलकट फडकं काढलं आणि मला पुसायला घेतलं. कुंकू पुसायची वेळ आली नाही. ते मातीबरोबर आजींकडे गेलं होतं.