गॅलरीतले सहासष्ट अंश

मित्रांनो, मी एक जुना पितळी ओळंबा आहे आणि सध्या मला माणसांचा अगदी वीट आला आहे. मुलांशी बोलताना गोड बोलावे म्हणतात. मला ते जमत नाही. दोरीच्या टोकाला टांगलेले वजन, म्हणजे मी. दोरी हलायची थांबली की ती सरळ खाली जाते आणि शेजारची भिंत उभी आहे की कलली आहे, ते दिसते. एवढेच माझे काम. त्यात गोड बोलायला जागाच नाही.

एका कारागिराने मला लेथवर घडवले. वर गोल, खाली टोकदार. मग मी एका गवंड्याच्या पिशवीत आलो. माणूस तापट होता, पण मला सोडले की श्वास रोखून उभा राही. एकदा छातीपर्यंत आलेली भिंत माझ्या दोरीपासून बोटभर फटकून होती. त्याने तिला शिव्या घातल्या, मला घातल्या, आणि भिंत पाडली. मित्रांनो, आदर म्हणतात तो हाच. हार-तुऱ्यांची मला हौस नाही.

गवंडी थकला आणि मी त्याच्या लेकीच्या घरी आलो. तिथे माझी रवानगी झाली ओट्याखाली, गळक्या नळाच्या शेजारी. ओली फडकी, आंबूस वास. झुरळांनी माझ्या अंगावर संसार थाटले. कधी कोणी माझ्या डोक्याने अक्रोड फोडले, कधी वाऱ्याने आपटणारे दार मी अडवून धरले. दोरीला तेलाचा असा थर चढला की तिला हात लावणाराही नाक मुरडे. तेव्हा मला वाटायचे, याहून किळसवाणे आयुष्य नसेल. होते. मला पुन्हा कामाला लावल्यावर ते कळले.

घरात दोन भावंडे. धाकटीला डोंगर उतरायच्या सायकलीचे वेड. जाड टायरांची, रुंद हँडलची ती सायकल तिचा जीव की प्राण. रविवारी तिची शर्यत होती, दगडधोंड्यांच्या उतारावरून. आणि थोरल्याने नेमकी त्याच आठवड्यात ती सायकल न विचारता नेली आणि एका भिंतीवर घातली. हँडल सरळ करून, माती पुसून परत आणून ठेवली.

"जरा घासली गं, बाकी काही नाही," तो म्हणाला.

धाकटीने एक चक्कर मारली आणि ती कपाळाला आठ्या घालून परत आली. "दादा, वळताना वेगळीच लागतेय. मी दुकानात दाखवून आणते."

"दुकानात कशाला? ते नसलेलं दुखणं काढतात. मी घरीच मोजतो फ्रेमचा कोन. तू निर्धास्त जा कामावर."

तो कोन काय ते सांगतो. हँडलखाली एक आखूड तिरकी नळी असते, पुढचे चाक धरणारा चिमटा तिच्यातून फिरतो. ती नळी किती तिरकी असावी हे कारखान्यात ठरलेले असते. या सायकलीचे ठरले होते जमिनीशी सहासष्ट अंश. भिंतीवर आदळल्याने नळीचे खालचे टोक मागे दबले तर ती जास्त उभी होते आणि आकडा वाढतो. आणि नळीचा असा दबलेला सांधा उतारावर कधी तुटेल, याचा नेम नसतो.

थोरल्याने पुठ्ठ्याचा मोठा कोनमापक कापला, नळीला चिकटवला आणि त्यावरून मला सोडले. इतक्या वर्षांनी मी पुन्हा लटकलो! अंगावरची झुरळांची घाण विसरून मी मन लावून स्थिर झालो. बैठकीच्या खोलीत आकडा आला अडुसष्ट.

त्याच्या तोंडचे पाणी पळाले. नळीच्या खालच्या सांध्याजवळ रंगाला बारीक सुरकुत्या पडल्या होत्या, आतला धातू दबल्याची खूण. मला त्या दिसत होत्या, त्यालाही दिसत होत्या. त्याने त्यावर एक गोंडस स्टिकर चिकटवला. नंतर म्हणाला, "ही फरशीच वाकडी असणार."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

पण तो हटला नाही. त्याने सायकल पलंगाशेजारी नेली. अडुसष्ट. दाराजवळच्या बोळात नेली. अडुसष्ट. मला उचल, सोड, पुन्हा उचल. घामेजल्या हाताने तो मला असा चिवडत होता की त्यापेक्षा झुरळे बरी वाटू लागली. शेवटी तो गॅलरीत शिरला. गॅलरीच्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी एका टोकाकडे उतार दिलेला असतो, आणि या गॅलरीत तो जरा जास्तच होता. मागचे चाक उताराच्या टोकाला, पाणी जायच्या जाळीवर. पुढचे चाक चढावर. साहजिकच पुढचा भाग उचलला गेला आणि नळी तितकीच मागे कलली.

सहासष्ट.

"आला!" तो ओरडला. गवंड्याने दोरीसाठी भिंत पाडली होती. हा दोरीसाठी जमीन शोधत फिरत होता.

धाकटी कामावरून आली. त्याने तिला दोरी दाखवली, आकडा दाखवला. तिचा चेहरा उजळला. "दादा, तू ग्रेट आहेस. मी उगीच संशय घेतला रे." तिने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याने ती हसत हसत घेतली. मित्रांनो, गळक्या नळाखालच्या घाणीत मी वर्षे काढली, पण त्या हसण्याची जेवढी शिसारी आली तेवढी त्या घाणीची कधी आली नाही.

तेवढ्यात आई बादली घेऊन आली. "ते चाक काढा जाळीवरून. पाणी कुठे सोडू, डोक्यावर?"

"राहू दे ना आई, मग करतो," थोरला घाईने म्हणाला.

पण धाकटीने सायकल उचललीही होती. जाळी मोकळी करायला तिने तोंड फिरवून ती ठेवली, आता पुढचे चाक उताराकडे. पुठ्ठा तसाच, मी तसाच लटकलेलो. मी दोनदा झुललो, थांबलो. दोरी सत्तरावर होती.

धाकटीने वाकून पाहिले. फरशीकडे पाहिले. नखाने तिने तो स्टिकर सोलला आणि सुरकुत्यांवरून बोट फिरवले.

"अगं, पुठ्ठा हलला असेल," थोरला म्हणाला. "फ्रेम एकदम सरळ आहे."

"सरळ आहे ना?" तिचा आवाज अगदी शांत होता. "मग रविवारचं सोड. आत्ता, मागच्या टेकडीवरून तू एकदा उतरून दाखव. माझं हेल्मेटही घेऊन जा."

तिने सायकल त्याच्यापुढे धरली. त्याने हँडलवर हात ठेवला. मग हळूच काढून घेतला.

आईच्या हातातली बादली तशीच राहिली. "अरे," ती म्हणाली, "आणि तिला पाठवणार होतास?"

शर्यत हुकली म्हणून धाकटी रडली, हे खरे. पण त्याआधी तिने मला सोडवून साबणाने धुतले, हेही खरे.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. तेलकट दोरीही सरळच लटकते. फक्त आपल्या माणसासाठी काही मोजायला घ्याल, तेव्हा आधी स्वतःला विचारा, यावर मी बसेन का? मनातून 'नाही' आले, तर मला टांगायचे कष्ट घेऊ नका. तुमचे मोजून झालेले असते.