पुरुमेंताला ऊब

गौरवीने चादरीत नाक खुपसले आणि झटकन मागे घेतले. चादर गरम होती, तरी दमट होती, आणि तिला असा काही घाण वास मारत होता की हातातही धरवेना. ड्रायर दोनदा फिरवूनही ही दशा!

कोरगावातल्या घराच्या मागच्या पडवीत गौरवी गेस्टहाऊसांचे कपडे धुऊन द्यायची. पावसात दोरीवर काही सुकत नाही, म्हणून तर तिने हौसेने ड्रायर आणला होता. तिचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे मांद्र्याची शीतल. तीच आज सकाळी चादरींचे बोचके परत टाकून गेली होती.

"गौरवी, गिराइकां नाकार फडको घेवन निजतत गो," ती म्हणाली होती. "सांजेक चादरी बऱ्यो आयल्यो तर बरां, नाय तर उद्यापासून म्हापशाची लाँड्री."

शीतल गेली की बाकीच्याही जाणार, हे गौरवीला ठाऊक होते. मग हा ड्रायर काय पुजायचा?

तिचा नवरा सर्वेश सोप्यावर मोबाईल घेऊन लोळत होता. जगातल्या प्रत्येक यंत्राविषयी या माणसाला मत होते आणि एकालाही हात लावायची तयारी नव्हती.

"व्होल्टेज कमी आसतला," तो म्हणाला. "आणि वास खंयचो? माका कायच वास येणा नाय. तुझ्या गिराइकांचीच नाकां नाजूक."

गौरवीने ड्रायरची जाळी ओढून काढली. जाळीवर ओल्या कापसाचा लगदा चिकटला होता आणि त्यात कुणाकुणाचे सोनेरी, पांढरे, काळे केस. शी! नाक मुरडत तिने तो खरवडून टाकला, जाळी धुतली, निम्मेच कपडे घालून पुन्हा मशीन लावली. पुन्हा तेच. आतले पिंप हात भाजेल इतके तापलेले आणि कपडे ओले. म्हणजे उष्णतेची कमतरता नव्हती. वाफ बाहेर जात नव्हती.

ती छत्री घेऊन परसात गेली. भिंतीच्या भोकातून ड्रायरचा पाईप बाहेर यायचा. भोक होते, पण पाईप नव्हता. भोकात गोणपाट कोंबलेले होते.

आत येऊन तिने मशीन पुढे ओढली. पाईप वळवून शेजारच्या कोठीच्या झरोक्यात घातला होता आणि फटीही चिंध्यांनी बुजवल्या होत्या. कोठीत सासूबाईंचे पुरुमेंत होते, पावसाळ्यासाठी उन्हाळ्यातच भरून ठेवलेले सुके बांगडे आणि सुंगटे, म्हणजे सुकी कोळंबी. सासूबाई डिचोलीला लेकीकडे गेल्यापासून ती खोली कुणी उघडली नव्हती.

गौरवीने उघडली. कोंडलेली वाफ तोंडावर आली, चादरींचाच तो वास घेऊन. भिंतींवरून पाणी ओघळत होते. बांगड्यांवर हिरवट केस उगवले होते. सुंगटांच्या डब्याचे झाकण तिने काढले, तर आतली सुंगटे हलत होती. सुंगटे कुठली, किडे! पांढरे, लठ्ठ, एकमेकांवर चढणारे. तोंडावर हात दाबत ती परसात पळाली आणि माडाच्या बुंध्याशी ओकली.

सर्वेश दारापर्यंत आला, त्यापुढे नाही.

"आवशीचां पुरुमेंत सर्दाळत होतां," तो म्हणाला. "गरम वारो फुकट भायर जाय होतो, म्हणान आत सोडलंय."

"वारो नाय तो! चादरींचां पाणी तां! परक्यांच्या चादरींचां पाणी तुमी आवशीच्या माशांक पाजलास!"

"आता माका कसां कळतलां? मशीन तुझी."

किडे पाहून आली नव्हती एवढी शिसारी तिला या वाक्याने आली.

तिने एकटीने सगळी मासळी खड्ड्यात पुरली, कोठी फिनेलने घासली, पाईप पुन्हा बाहेर काढला. चादरी गरम पाण्यात नव्याने धुतल्या आणि ड्रायरमध्ये घातल्या. या वेळी त्या कोरड्या ठणठणीत निघाल्या. संध्याकाळी शीतल आली, तिने एक चादर उलगडून हुंगली आणि तिचा चेहरा खुलला.

सर्वेश लगबगीने उठला. "पाईपाची भानगड होती. मी शोधून काढलंय."

"नशीबवान गो तू," शीतल गौरवीला म्हणाली. "असो घोव सगळ्यांक मेळना नाय."

गौरवीच्या जिभेवर सगळे आले होते. पण किड्यांचे नाव काढले असते तर शीतलने त्या चादरी तिथेच टाकल्या असत्या. सर्वेशलाही ते पक्के ठाऊक होते, म्हणूनच तो इतका गोड हसत होता. ती गप्प राहिली. गप्प राहताना तिला स्वतःचीही किळस आली.

शीतलची गाडी गेल्यावर सर्वेश जांभई देत आतल्या खाटेवर आडवा झाला आणि लगेच ताडकन उठून बसला.

"गो, ह्या चादरीक वास मारता!"

सकाळी परत आलेल्या बोचक्यातली ती एक चादर गौरवीने धुतलीच नव्हती. अंथरून तिचे चारही कोपरे मात्र नीट खोचले होते.

"खंयचो वास?" ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "माका कायच वास येणा नाय. तुमचांच नाक नाजूक."