कळणाऱ्या शब्दांचा डबा

बाईंनी बिस्किटांचे दोन रिकामे डबे टेबलावर आपटले आणि इस्त्रीवाल्या मावशींपुढे चाळीस चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला. एका डब्यावर लिहिलं होतं ‘कळतो’, दुसऱ्यावर ‘बोलता येतो’. शिकलेले इंग्रजी शब्द प्रत्येकाने असे वाटून दाखवायचे, ही बाईंची पद्धत. आज मात्र बाकीचा वर्ग घरी गेला होता आणि मावशींना मुद्दाम थांबवलं होतं.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली होती. कालच्या लेखी परीक्षेत मावशींना पैकीच्या पैकी गुण, आणि परीक्षेआधीच खणातून प्रश्नपत्रिकेची एक प्रत गायब. वर्गात तोंडातून एक इंग्रजी शब्द फुटेल तर शपथ! तीन महिने मिठाची गुळणी धरून बसलेली ही मावशी एकदम पहिली कशी येते? कुठेतरी पाणी मुरत होतं, नक्कीच.

मावशींनी एकूण एक चिठ्ठी ‘कळतो’मध्ये टाकली. नुसतं टाकायला काय जातंय, बाई मनात म्हणाल्या.

तेवढ्यात वर्गाचे संचालक दारात आले. बाई त्यांच्याशी इंग्रजीत बोलल्या, मावशींच्या देखत, अगदी मोकळेपणाने. पेपर हिनेच उचलला असणार, अशा लोकांचा काय भरवसा, उद्याच्या तोंडी परीक्षेतून नाव काढून टाका. ती परीक्षा पास झाल्याशिवाय मावशींना हॉटेलच्या काउंटरवरची नोकरी मिळणार नव्हती, हे बाईंना ठाऊक होतं. पण चोरी ती चोरी. संचालक मान डोलावून गेले.

“बाई,” मावशी म्हणाल्या, “आत्ता सरांना सांगितलंत ना, तेही या पहिल्या डब्यातच धरा.”

बाईंनी त्या डब्याकडे पाहिलं. ‘कळतो’.

मावशी आवाज न चढवता सांगत गेल्या. बारा वर्षं एकाच घरी इस्त्री केली. त्या घरात लपवायचं ते सगळं इंग्रजीत बोलायचे, काही हरवलं की जरा जास्तच. वस्तू मग गादीखाली नाहीतर गाडीत सापडायची, पण ते मावशींना कुणी सांगायचं नाही. ऐकून ऐकून भाषा कानांत भरली. अक्षरं इथे येऊन शिकल्या. जिभेला मात्र सवय नव्हती, कारण त्यांना कधी कुणी काही विचारलंच नव्हतं.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपणही विचारलं नव्हतं.

“दुसऱ्याने म्हटलं तर कळेल मला,” मावशी म्हणाल्या. “पण ‘मी घेतलं नाही’ हे माझ्या तोंडाने कसं म्हणायचं? तुम्ही म्हणून दाखवा. मी मागून म्हणते.”

बाईंनी म्हणून दाखवलं.

मावशींनी अडखळत मागून म्हटलं. मग एकटीनेच पुन्हा, या वेळी न अडखळता, बाईंच्या डोळ्यांत बघत.

“आय डिडन्ट टेक इट.”