पारख्याचं पोट

गाईचं पोट फुगलं की तिला तेल पाजायचं, बसू द्यायचं नाही आणि कूस चोळत गोल गोल फिरवायचं, हे आमच्या मोठ्या दिरांनी साऱ्या गावाला शिकवलेलं. तेव्हा स्वतःचं पोट फुगल्यावर त्यांनी तेच केलं, यात त्यांचं चुकलं असं माझ्यानं म्हणवत नाही. दुसऱ्याला सांगतो तसं स्वतः वागणारी माणसं आता राहिलीत कुठं?

गावात त्यांना पारखी म्हणतात. जनावरांच्या बाजारात दलाली करतात. गाय लांबून चालत आली तरी ही कितव्या वेताची, लाथ मारते का, पुढं कुठल्या पायानं लंगडणार, सगळं सांगतात. फक्त स्वतःला वर्षभर शौचातून रक्त पडत होतं, त्याची पारख झाली नाही. मूळव्याध आहे म्हणाले. तेही विजारीवरचा डाग धुताना जाऊबाईंनी विचारलं म्हणून. वजन उतरलं तेव्हा म्हणाले, उन्हाळा आहे. उन्हाळा गेला, वजन काही परत आलं नाही.

त्या दिवशी नेमाचा जप उरकून मी बाहेर आले, तर भाऊजी खळ्यात फेऱ्या मारतायत. मागून आमचे हे त्यांची कूस चोळतायत. शेजारचा गिरणीवाला कडेला पोत्यावर बसून सल्ला देतोय.

"अजून वाटीभर तेल द्या. अडलेलं तेलानंच सुटतं."

"दोनदा दिलंय," आमचे हे म्हणाले.

"मग तिसऱ्यांदा द्या. मशीनला एकदा तेल घालून भागतं का?"

तीन-चार दिवस पोट साफ नव्हतं. आदल्या दिवसापासून वाराही सरत नव्हता. पोट असं ताणलेलं की टिचकी मारली तर रिकाम्या पिंपासारखं वाजावं. मी म्हणाले, "दवाखान्यात नेऊ या." देवानं मला आवाज मंद दिलाय, त्यामुळं ते कुणाला ऐकू गेलं नाही. तेवढ्यात भाऊजी ओकले. ओकारीला वास शेणाचा.

गिरणीवाला उठून लांब झाला आणि तिथून म्हणाला, "बघा, सुटलं."

जाऊबाई गोठ्यातून धावत आल्या. त्यांनी एकदा नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं, तेलाची वाटी उचलून उकिरड्यावर भिरकावली आणि जनावरं न्यायचा टेम्पो दाराशी लावायला लावला. भाऊजींनी जन्मभर ज्यात गाई चढवल्या, त्याच फळीवरून त्यांना चढवलं. तेवढ्यातही "फळी नीट धरा" म्हणून त्यांनी आमच्या ह्यांना शिवी दिली, तेव्हा मला जरा धीर आला.

दवाखान्यात तातडीच्या विभागात त्यांच्या नाकातून नळी घातली, हाताला सलाईन लावलं, पोटाचा स्कॅन काढला. मग सर्जनबाई आल्या. वयानं आमच्या धाकट्या पोरीएवढ्या. त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि भाऊजींनाच सांगितलं.

"काका, मोठ्या आतड्यात डावीकडं गाठ आहे. बहुतेक कॅन्सरची. तिनं वाट पार बंद केलीय. मागचं आतडं फुगून फुटायला आलंय. आत्ताच ऑपरेशन करावं लागेल."

"गाठ काढा आणि आतडं परत जोडा."

"आज जोडता येणार नाही. इतक्या फुगलेल्या आतड्यात टाका धरत नाही. आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढू. शौच तिथून पिशवीत येईल. पुढं काही महिन्यांनी, तब्येत बघून, जोडता आलं तर जोडू."

"आणि नाही जमलं तर?"

"तर पिशवी कायमची."

भाऊजींनी भिंतीकडं तोंड फिरवलं. "भर बाजारात मी पोटाला घाण बांधून उभा राहू? त्यापेक्षा मेलेलं बरं."

आमचे हे म्हणाले, "दादांचं बरोबर आहे. माणसाची इज्जत असते."

गिरणीवालाही टेम्पोत बसून आला होता. तो म्हणाला, "ताठ मानेनं जगलेला माणूस आहे, बाई."

दोघांच्याही पोटात सकाळचा चहा व्यवस्थित जिरत होता. दुसऱ्याच्या मरणाला इतकी झटपट संमती देणारी माणसं मी प्रथमच बघत होते.

चारचौघांत नवऱ्यापुढं जाऊबाईंचा आवाज कधी निघाला नव्हता. त्यांनी सर्जनबाईंना विचारलं, "काहीच नाही केलं तर?"

"आतडं फुटेल, मावशी. सगळी घाण पोटात पसरेल. मग ऑपरेशन करूनही वाचण्याची खात्री नाही. मला थोड्या वेळात सही हवीय."

जाऊबाई खाटेला वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेल्या, नवऱ्याचं तोंड होतं तिकडं.

"अहो, बाजारात गाय विकताना काय सांगता तुम्ही?"

"हे काय आता?"

"सांगा ना. एका सडाला दूध नाही, शिंग मोडलंय, खोड आहे ती तोंडावर सांगतो, पण गाय गुणाची आहे, घेऊन जा. असंच सांगता ना? घेतात का लोक?"

"घेतात."

"मग मीही घेते. खोडीसकट."

"मी जनावर आहे का?"

"जनावर असता तर वर्षापूर्वीच इथं आला असता. गाईला रक्त पडलं की त्याच दिवशी डॉक्टर आणता तुम्ही."

भाऊजींनी डोळे मिटले. वाटलं, संपलं, ऐकत नाहीत. मग नाकातल्या नळीआडून आवाज आला, "बाई, पिशवी पट्ट्याच्या जागी नको. बाजारात दिवसभर पट्टा असतो माझा."

सौदा सुरू झाला होता. मी मनातल्या मनात हात जोडले.

सर्जनबाईंनी त्यांना उठवून बसवलं, वाकायला लावलं, पट्ट्याची जागा बघितली आणि पोटावर पेनानं खूण केली. भाऊजींनी ती आणखी बोटभर वर सरकवून घेतली आणि मगच सही केली. सर्जनबाईंकडून जागा बदलून घेतली, हे ते आजही छाती पुढं काढून सांगतात. पट्ट्याच्या जागी पिशवी कुणालाच लावत नाहीत आणि बोटभराची सूट खूण करतानाच हातात ठेवलेली असते, हे मला नर्सनं सांगितलंय. मी बोलत नाही.

ऑपरेशन निभावलं. जखम एका बाजूनं पिकली, ताप आला, उतरला. पण पिशवीत काही येईना, आणि आतडं चालू झाल्याशिवाय तोंडानं काही द्यायचं नव्हतं. मग ताठ मानेचे दोघं पुरुष रोज खाटेशी यायचे आणि मान वाकवून पिशवीकडं बघत राहायचे.

"फुगली का?"

"नाही अजून."

एका सकाळी ती वाऱ्यानं टम्म फुगली. आमच्या ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इज्जत त्या दिवशी कुणाला आठवली नाही.

गाठीचा रिपोर्ट आला. कॅन्सरच. गाठ पूर्ण निघाली होती, पण आतड्याजवळच्या बारीक ग्रंथींतही कॅन्सर थोडा गेलेला, म्हणून केमोची इंजेक्शनं घ्यायची. सर्जनबाई म्हणाल्या, "रक्त पडायला लागलं तेव्हाच आला असता, तर बहुतेक ही पिशवी लागली नसती." सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. सख्ख्या भावानंही आतडं दुर्बिणीनं तपासून घ्यावं, असं त्या म्हणाल्या तेव्हा आमचे हे म्हणाले, "मला काय धाड भरलीय?" देव त्यांना सुबुद्धी देवो. तारीख मी घेऊन ठेवलीय.

घरी आल्यावर पिशवी जाऊबाईच बदलायच्या. भाऊजी वर छताकडं बघत पडायचे आणि हात थंड आहे, वेळ लागतो, घाण वास येतो, अशी कुरकुर करायचे, जणू पोट शेजाऱ्याचं. एके दिवशी जाऊबाईंनी पाण्याचं भांडं, मऊ फडकं आणि नवी पिशवी खाटेवर ठेवली आणि म्हणाल्या, "नर्सनं तुम्हालाही शिकवलंय. मला धारा काढायच्यात."

त्या गोठ्यात येऊन बसल्या. मी चारा टाकत होते. आतून आधी हाका आल्या, मग शिव्या, मग भांडं पडल्याचा आवाज. जाऊबाईंचा हात जरा थांबला, परत चालू झाला. त्यानंतर भांड्यात परत पाणी ओतल्याचा आवाज.

मग भाऊजी अंगणात आले. सदरा नीट घातलेला, पट्टा बांधलेला. आमचे हे आणि गिरणीवाला तिथं बसलेच होते.

"हिला धड जमतच नव्हतं," भाऊजी त्यांना सांगायला लागले. "म्हटलं, सर बाजूला. मीच करतो आता."

"बायकांचं काम नाहीच ते," गिरणीवाला म्हणाला.

मी जाऊबाईंकडं बघितलं. त्या गाईच्या पोटाला डोकं टेकवून हसत होत्या, का रडत होत्या, मला नीट दिसलं नाही.

"म्हणू देत," त्या हळूच म्हणाल्या. "आहेत म्हणून म्हणतायत."